साधी गाठ

“कॅन्सर आहे हे कळलं, तेव्हा मनात पहिल्यांदा काय आलं?” मोबाइलच्या पडद्यावरच्या समुपदेशक बाईंनी हळुवारपणे विचारलं.

कालिंदीबाई बघतच राहिल्या. पोटातून काढलेली गाठ साधी होती, असं मुलानं सांगितलं होतं. झोप लागत नाही म्हणून ही ऑनलाइन भेटही हेमंतनंच ठरवली होती.

“घरी कुणी सांगितलं नाही तुम्हाला?” बाई गडबडल्या.

“आत्ता कळलं,” म्हणत कालिंदीबाईंनी फोन बंद केला.

हेमंत चहा घेऊन आला आणि आईचा चेहरा पाहून दारातच थबकला. “तू खचशील असं वाटलं, आई.”

“माझ्या बहिणीला माहीत आहे?”

त्यानं मान खाली घातली.

बहीण रोज फोन करायची. मे महिन्यात दोघींनी केरळला जायचं, म्हणून हॉटेलंसुद्धा सुचवायची. कालिंदीबाईंनी हौसेनं नवी बॅग आणून ठेवली होती. आजारापेक्षा ती बॅग आठवून त्यांना भडभडून आलं.

“बोल ना काहीतरी,” हेमंत म्हणाला.

“त्या बाईंना पुन्हा फोन लाव आणि तू बाहेर जा,” त्या म्हणाल्या. “चुकून का होईना, माझ्याशी खरं त्याच बोलल्या.”