गच्चीवरचा नाताळ

"त्या कुत्र्याच्या सिनेमाइतका भिकार सिनेमा मी जन्मात पाहिला नाही," इंदुताई म्हणाल्या आणि वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला.

ओमने मनातल्या मनात कपाळाला हात लावला.

मारुंजीतल्या त्या सोसायटीची कमिटी पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून बसली होती. पंचवीस डिसेंबरला गच्चीवर पडदा लावून नाताळचा सिनेमा दाखवायचा, हे चुटकीसरशी ठरलं. कोणता दाखवायचा, यावर मात्र रण माजलं. सेक्रेटरी इंदुताईंच्या मते सगळ्यांत चांगला सिनेमा बर्फात अडकलेल्या कुटुंबाचा. चेअरमन उद्धवरावांच्या मते तोच सगळ्यांत वाईट. त्यांचा जीव केक पळवणाऱ्या कुत्र्यावर. दोन्ही सिनेमे हिंदीत डब केलेले, आणि दोघांचेही तोंडपाठ.

"काय हाय वो त्यात?" उद्धवराव म्हणाले. "निस्ता बर्फ अन् रडारड. पोरं झोपत्याली."

"रडारड नाही, माणुसकी आहे! ऐन सणाला त्या बिचाऱ्यांना कोणी दारात उभं करत नाही, आणि शेवटी अख्खं गाव त्यांना आत घ्यायला धावतं. मला तर दर वेळी हुंदका येतो."

"अन् आमचं कुत्रं? खेळण्यांची गाडी दरीत चालली व्हती, ती त्यानंच वाचिवली. त्याला माणुसकी न्हाई?"

"कुत्र्याला कुठली माणुसकी, उद्धवराव?"

सगळे खो खो हसले. ओमही हसला. त्याला हसणं भाग होतं, कारण त्याचा विषय शेवटचा होता. गेल्या बैठकीत लिफ्टच्या भांडणापायी तो राहून गेला, आणि त्याच्या आधीच्या बैठकीत टँकरच्या. आज राहून चालणार नव्हतं.

ओम आईवडिलांकडे तळेगावला राहायला निघाला होता आणि इथला फ्लॅट त्याला शिंद्यांना भाड्याने द्यायचा होता. शिंदे चाकणच्या कंपनीत त्याच्याच शिफ्टला. रोज बसमध्ये शेजारी बसणारा, डबा उघडला की आधी ओमपुढे धरणारा माणूस. त्याचा घरमालक चाळ पाडायला निघाला होता आणि बायकोला नववा महिना लागला होता. कित्येक ठिकाणी नकार ऐकून शिंदे पार खचला होता. ओमने त्याला शब्द दिला होता. पण भाडेकरू ठेवायचा तर आधी कमिटीची संमती, हा सोसायटीचा नियम. विषय दोनदा राहून आजवर आला, हे एका परीने बरंच झालं असं ओमला वाटत होतं. आज सणाच्या गप्पांत मंडळींची मनं मऊ असणार, असा त्याचा होरा होता.

मनं मऊ होती, पण सिनेमावरून हटत नव्हती. हात वर झाले तर दोन्हीकडे सारखेच.

"ओम, आता तूच सांग," इंदुताई म्हणाल्या. "सगळ्यांत चांगला कोणता आणि सगळ्यांत वाईट कोणता?"

ओमने दोन्ही पाहिले नव्हते. एकाला चांगलं म्हणावं तर दुसरा रुसणार, आणि आज त्याला कोणालाच रुसू देऊन चालणार नव्हतं. काही सुचेना, तेव्हा तो म्हणाला, "आधी कुत्र्याचा लावू, पोरांसाठी. जेवणं झाली की माणुसकीचा, मोठ्यांसाठी."

"वा रं पठ्ठ्या!" उद्धवरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि हात तिथेच ठेवला. इंदुताईही खूश झाल्या.

"काका, तेवढा माझा भाडेकरूचा विषय."

"बोल की. बॅचलर हायती का?"

"नाही, नवरा-बायको. बाळ व्हायचंय, आता कधीही होईल."

"अगं बाई!" इंदुताई म्हणाल्या. "मग थांबायचं कशाला? लगेच येऊ देत. पाचवीची तयारी मी करीन."

"आडनाव काय?" उद्धवरावांनी विचारलं.

"शिंदे."

"कुठलं शिंदे?"

"नगरकडचे."

"म्हंजी आपलीच मान्सं की! माजी मामी शिंद्यांचीच. ल्ह्या इंदुताई, मंजूर."

ओमच्या छातीवरचं ओझं उतरलं. खोटं तो काहीच बोलला नव्हता. विचारलं तेवढंच सांगितलं होतं. शिंदे तिकडे फोन हातात धरून बसला असेल, म्हणून त्याने तिथल्या तिथे मेसेज टाकला, "काम झालं. सामान बांधा." लगेच उलट हात जोडल्याचं चित्र आलं.

"पूर्ण नावं सांग रे," इंदुताई म्हणाल्या. "पोलीस चौकीत कळवावी लागतात."

ओमने फोन खिशात ठेवला. "सॅम्युअल शिंदे."

इंदुताईंचं पेन थांबलं. "आणि तिचं?"

"मार्था."

उद्धवरावांनी ओमच्या पाठीवरचा हात काढून घेतला.

"आरं, हे आदी सांगायचं व्हतं," ते हळूच म्हणाले. "न्हाई जमायचं बाबा. हितं समदी आपली मान्सं ऱ्हात्यात."

"काका, तिचे दिवस भरलेत. कुठे जातील ती दोघं?"

"मिळंल की कुटंतरी."

ओम एकेकाकडे पाहत राहिला. सगळे खुर्च्या आवरायला लागले होते. इंदुताईंनी लिहिलेली ओळ खोडली आणि त्याचा पडलेला चेहरा पाहून त्यांना खरोखरच वाईट वाटलं.

"असा हिरमुसू नकोस रे," त्या मायेने म्हणाल्या. "पंचवीस तारखेला सिनेमाला त्यांना आग्रहाने घेऊन ये. आपल्या सोसायटीत असला भेदभाव कोणी करत नाही."