खिळ्यांची फळी

आईचं घर उद्या नव्या मालकाच्या ताब्यात द्यायचं होतं आणि धाकट्या लेकीच्या जिवाला घोर लागला होता तो स्वयंपाकघरातल्या एका विचित्र फळीचा. फळीवर तीन उभे खिळे, दोन बाजूंना उंच कड आणि कोपऱ्यात बिजागरीने जखडलेली सुरी. ती टाकवेना आणि ठेवून करायचं काय, तेही कळेना. शेवटी फळी पिशवीत घालून तिने जुन्या वस्तूंचं दुकान गाठलं.

दुकानदाराने भिंग लावून फळी उलटीपालटी करून पाहिली. तेवढ्यात ती तीनदा खुर्चीवरून उठली आणि तीनदा बसली.

"शंभर वर्षांची तरी असेल," तो म्हणाला. "खिळ्यांवर भाजी रोवायची आणि वरून सुरी दाबायची. एकाच हाताने स्वयंपाक करणाऱ्या माणसासाठी बनवलीय हो ही. असा नग क्वचित हाती लागतो. वीस हजार आत्ता देतो."

"अहो, पण आमच्या आईचे दोन्ही हात धडधाकट होते!"

वीस हजार कानावर पडूनही तिला चैन पडेना. दुकानाबाहेर येऊन तिने मावशीला फोन लावला.

"मावशी, आपल्यात कुणाचा हात अधू होता का गं?"

"छे! ती फळी तर तुझ्या आईनेच भंगारवाल्याकडून हट्टाने घेतली होती."

"कशाला पण?"



"तू जन्मलीस तेव्हा मूठभर होतीस, खाली ठेवलं की श्वास कोंडायचा तुझा, वर्षभर तिचा एक हात तुझ्यातच अडकला होता बाई."