मुसइदकाका हरले त्याची गोष्ट

येमेनच्या डोंगरात भांडण मिटवायला पाहुणे आले, की वेशीवर आधी दोन ओळी गातात. यजमानांनी तसंच यमक जुळवून उत्तर द्यायचं, नाहीतर हार कबूल करायची, मगच चहा. गावातर्फे उत्तर देणार मुसइदकाका. त्यांनी टोमणा मारला, की उंटसुद्धा चारा टाकून रुसायचा!

यंदा विहिरीच्या पाण्यावरून बंदुका निघाल्या होत्या. शेजारगावचे वेशीवर येऊन गायले:

"विहीर राखता बंदुक घेउन, मिशीस देता ताव,
तहानलेल्या थेंब न देई, असले कसले गाव?"

सगळं गाव काकांकडे बघायला लागलं. काकांनी तोंड उघडलं, परत मिटलं आणि मान खाली घातली.

"अहो काका, 'ताव'ला 'घाव' तर शेंबडं पोरही जुळवेल!" गावातलाच एक जण मागून ओरडला.

"नाही जमत रे. हरलो."

पाहुणे पोट धरधरून हसले. जिंकल्याच्या खुशीत त्यांनी बंदुका भिंतीला टेकवल्या, आणि चहा संपेस्तोवर दोन्ही गावांच्या पाण्याच्या पाळ्या ठरल्यासुद्धा.

काका घरी आले ते चोरासारखे. विधवा लेक सल्वा भाकरी वाढायला बसली. तिच्याकडे बघायचं ते टाळत होते.

"बाबा, तुम्हाला खरंच ओळ सुचली नाही?"


"सुचली होती गं. मागल्या भांडणातही अशीच झोंबरी सुचली होती. ती मी बोललो नसतो तर गोळ्या सुटल्या नसत्या, आणि आज तू तुझ्या नवऱ्याला वाढत असतीस."