जाळीतला गोळा

"इंजिन ड्रायव्हरनेच जाळलं! तेलाकडे बघायला नको याला!" बाबा बोटमालकाला सांगत होते. शर्यतीच्या बोटीचं नव्याने बांधलेलं इंजिन आठवड्यातच जाम झालं होतं. "काका, तेल पूर्ण भरलं होतं हो," ड्रायव्हर बाबांपुढे काकुळतीला आला. मालक त्याला म्हणाला, "उद्यापासून येऊ नकोस." मी खालचं झाकण उघडलं. करपलेल्या तेलाचा भपकारा आला. तेल ओढणाऱ्या जाळीत सांधे बुजवायच्या सीलंटचा गोळा अडकला होता, चघळून थुंकल्यासारखा; तेल वर चढलंच नव्हतं. शिसारीच आली. 'सांध्यावर सीलंट थापतो तो मिस्त्री नव्हे, गवंडी,' हे मला बाबांनीच शिकवलेलं. पण हे इंजिन त्यांनी एकट्याने बांधलं होतं, मला हात लावू दिला नव्हता. मी गोळा डिझेलमध्ये धुतला. त्यावर अंगठ्याचा ठसा उमटला होता, मधोमध जुन्या जखमेची चीर. तो तसाच मालकाच्या तळहातावर ठेवला. "बाबा, तुमचा अंगठा बघू." बाबांनी मूठ आवळली.