पाय ब्रेकवरच होता

"उघडू नकोस, दादा," धाकटा दारातूनच म्हणाला. "काय सापडायचंय त्यात? चूक माझी आहे. मी कबूल केलीय ना?"

लाल गाडी लिफ्टवर वर चढवलेली होती आणि थोरला तिच्या पोटाखाली उभा राहून गिअरबॉक्सच्या तळाचे बोल्ट सोडत होता. चार वाजता चौकशीचे साहेब येणार होते. त्यांच्यासमोर धाकटा लेखी जबाब देणार, सही करणार, आणि मग त्याचा तुरुंग काही चुकणार नव्हता.

गाडी शेजारच्या कप्तानकाकांची. जन्मभर जहाजं चालवून निवृत्त झाल्यावर त्यांनी हौसेने घेतलेली, चारशे अश्वशक्तीची, नुसतं नख लागलं तरी उसळणारी. "या वयात घोडा घेतलात, आता लगामही घ्या," असं काकू तेव्हाच म्हणाल्या होत्या. गेल्या आठवड्यात ती दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर जाताना झटके द्यायला लागली. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स म्हणजे धाकट्याचा प्रांत. त्याने तेल बदललं, व्हॉल्व्ह साफ केले, लिव्हरची केबल नव्याने बसवली. तिसऱ्याच दिवशी काका गाडी फाटकाबाहेर काढून थांबले, काकू मागे फाटक लावत होत्या, आणि गाडी मागे उसळली. काकू जागच्या जागी गेल्या.

"लिव्हर पार्कवर होता, पाय ब्रेकवर होता," दवाखान्यात काका एवढंच म्हणत राहिले. थोरला दिवसभर त्यांच्यापाशी होता. संध्याकाळी परतला तर टोचन करून आणलेली गाडी गॅरेजात उभी, आणि धाकटा पायरीवर. "केबल मीच चुकीची बसवली, दादा." कोणी विचारलंही नव्हतं.

आई गेल्यावर या दोघा भावांना काकूंनीच वाढवलं होतं. धाकटा तर तेव्हा पाच वर्षांचा, काकांच्या मांडीवरच मोठा झालेला. म्हणून थोरल्याला जास्त चीड आली. चार दिवसांत पोराने पान्याला हात लावला नव्हता. सकाळ-संध्याकाळ काकांचा डबा घेऊन जायचा, त्यांना समोर बसवून जेवायला घालायचा, पण गॅरेजात आला की या गाडीकडे बघायचासुद्धा नाही. चूक केली ती केली, वर तोंड लपवायचं? भित्री भागूबाई नुसती.

पण पंधरा वर्षांत याची एक केबल केसभर सरकली नव्हती. आज सकाळी दात घासताना थोरल्याला ते एकदम खटकलं.

तेल खाली आलं ते स्वच्छ लाल. जळका वास नाही. तळाच्या लोहचुंबकावर राखाडी भुकटीची पातळशी साय, एक कपची नाही. त्याने गाडी खाली घेतली आणि लिव्हर पार्कपासून एकेक खाच ओढून पाहिला. प्रत्येक खाच नेमकी. केबल धरून हिसडली. जागची हलली नाही.

मग त्याने तपासणीचं मशीन गाडीला जोडलं. गाडीचा कॉम्प्युटर धडकेच्या आधीचे पाच सेकंद जपून ठेवतो, तेच बघायचे होते. कारागिराचा नंबर टाकल्याशिवाय हे मशीन तोंड उघडत नाही. थोरला एक, धाकटा दोन. त्याने एक टाकला.

लिव्हर, रिव्हर्स. ब्रेक, शून्य. अॅक्सिलरेटर, अठ्ठ्याण्णव टक्के.

थोरला स्टुलावर बसला. पार्कच्या एक खाच अलीकडे राहिला असणार लिव्हर. गाडी मागे सरकली, काका दचकले, आणि ब्रेक समजून सगळा जोर भलत्याच पेडलवर दिला. धाकट्याचा काही म्हणता काही दोष नव्हता. थोरल्याचा जीव भांड्यात पडला. आणि लगेच काका डोळ्यांपुढे आले, तेव्हा तो पडलेला जीव पुन्हा वर आला.

साडेतीनला काका आले, धाकट्याच्या हाताला धरून. चार दिवसांत माणूस निम्मा झाला होता. धाकट्याने त्यांना खुर्चीत बसवलं आणि चहाचा कप स्वतःच त्यांच्या ओठांशी धरला.

"याला काही करू नका म्हणून सांगेन मी साहेबांना," काका म्हणाले. "पोराच्या हातून चूक होते." मग धाकट्याकडे वळून म्हणाले, "माझा पाय ब्रेकवरच होता ना रे?"

"ब्रेकवरच होता, काका."

"तेवढंच एक धरून उभा आहे मी. ते सुटलं तर एक दिवस जगायचा नाही."

"सुटायचं काय त्यात? केबल माझी चुकली," धाकटा म्हणाला आणि कप पुन्हा त्यांच्या ओठांना लावला.

थोरल्याने मशीनवरून हात मागे घेतला. पण सख्खा भाऊ निरपराध असताना तुरुंगात जाताना बघायचा कसा? त्याने मन घट्ट केलं.

"काका, मला तुम्हा दोघांना काही सांगायचंय."

धाकट्याने चार दिवसांत पहिल्यांदा त्याच्या डोळ्यांत बघितलं. "दादा, नको."

"गप रे. तुझीच सुटका करतोय, वेड्या. तुला काय माहितीये?"

त्याने बटण दाबलं. मशीन कुरकुरलं, कागद बाहेर आला. थोरल्याने तो फाडून घेतला आणि वाचायला सुरुवात करण्याआधी सवयीने एकदा वरून खालपर्यंत नजर फिरवली. लिव्हर, ब्रेक, अॅक्सिलरेटर, सगळं होतं. तळाशी मशीनने या गाडीची आधीची तपासणीही छापली होती.

अपघाताचाच दिवस. दुपारी चार वाजून वीस मिनिटं. कारागीर क्रमांक दोन.