खुशालीचा फोन

धुरपताचा धाकटा विक्की गडचिरोलीत पोलिसात. थोरला टिकाराम सुरतेत एवढ्या उंच बिल्डिंगीत राह्यते, का खिडकी उघडली की ढग घरात शिरते, असं धुरपता आंजी गावभर सांगे. टिकाराम खरा नक्षल्यायसंग जंगलात बंदूक घेऊन फिरते, हे तिले अन् विक्कीलेच ठाऊक.

पोलीस-नक्षल्यायच्या चकमकीची बातमी आली तशा बाया अंगणात जमल्या. विक्कीचा फोन आला. शेजारच्या रुख्माबाईनं स्पीकरच लावला.

"माय, मी बरा आहो. आमच्यातल्या कोणाले काई झालं नाई."

"चहा ठेव वं धुरपता, साखर जास्त टाकजो!" रुख्माबाई ओरडली.

धुरपतानं स्पीकर बंद केला, फोन कानाले लावला. "अन् बाकी, बापू?"



"माय, मी अंगावरच्या कपड्यानिशी डोक्यावरून पाणी घेतलं, बाबा गेले तवा घेतलं होतं तसं. तूबी घेजो."