आठवा बोल्ट

“कोमट दूध झालं, उशी बदलून झाली, उलटे आकडे मोजून झाले. आता काय, मांडीवर घेऊन अंगाई म्हणू?” आईने विचारलं.

बारक्या कसंनुसं हसला आणि बुटाचे बंद बांधू लागला. उजव्या बुटाची गाठ तिसऱ्या खेपेला बसली.

त्याची चाळिशी उलटली होती, वजन ऐंशी किलोच्या पुढे गेलं होतं, तरी लिफ्टच्या धंद्यात तो अजून बारक्याच होता. कामाला लागला तेव्हा काडीसारखा होता. वस्तादांनी ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. एकोणीस दिवस या बारक्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. लागलाच तर अर्धा तास, की दचकून उठून बसायचा.

कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. एकोणीस दिवसांपूर्वी आईच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. आई त्यातून खडखडीत बरी होऊन घरी आली. रात्री भिंती हलतील अशी घोरायची आणि येईल त्याला सांगायची, “ऑपरेशन माझं झालं आणि झोप उडाली याची.”

“अहो, आई बऱ्या आहेत आता,” बायको दारापर्यंत आली. “मग कसली काळजी करता?”

“तशी काही नाही गं.”

“मग वस्तादांकडे सुट्टी तरी मागा.”

“मागतो,” तो म्हणाला आणि निघाला.

लहान मुलांच्या नव्या इस्पितळाची नऊ मजली इमारत सोमवारी उघडायची होती. आज शुक्रवार. तळमजल्यावर वस्ताद उघड्या वायरींचं टोपलं मांडीवर घेऊन बसले होते. साठी ओलांडलेला माणूस. बारक्याला पाना धरायला त्यांनीच शिकवलं होतं, आणि चुकीचा धरला की पाठीत धपाटाही त्यांनीच घातला होता.

बारक्याने सुट्टी मागितली नाही. तो समोरच्या खोक्यावर बसला आणि एकदम बोलून गेला.

“वस्ताद, वर लिफ्टच्या यंत्राच्या बैठकीला आठ बोल्ट आहेत. सात मी आवळले. आठव्याला पाना लावला आणि घरून फोन आला, आईला आत घेतायत म्हणून. मी तसाच पळालो. आवळून पळालो की न आवळता, काही केल्या आठवत नाही.”

“आणि तपासणीच्या कागदावर सही?”

“दुसऱ्या दिवशी केली. न बघता.”

वस्तादांनी टोपलं खाली ठेवलं. “वर जाऊन बघायचं होतंस.”

“यंत्राच्या खोलीला कुलूप लागलं होतं. चावी तुमच्याकडे. मागितली असती तर कशाला, ते सांगावं लागलं असतं. सोमवारी त्यात लेकरं बसणार, वस्ताद. डोळे मिटले की मला तो बोल्टच दिसतो.”

“हात पुढे कर.”

बारक्याने केले. दहाही बोटं थरथरत होती. वस्ताद बराच वेळ त्या बोटांकडे बघत राहिले. बारक्या धपाट्याची वाट बघत होता.

“आठवा म्हणजे कुठल्या बाजूचा?”

“खिडकीकडचा.”

“अरे वेड्या, तो मी दुसऱ्याच दिवशी बघितला. घट्ट आहे.” वस्तादांनी टोपलं परत मांडीवर घेतलं. “न बघता सही केल्याबद्दल तुझी हजेरी घेईन, पण नंतर. आत्ता घरी जा. उद्या सकाळी आठला ये.”

बारक्याला हसावं की रडावं कळेना. त्याने दोन्ही केलं. वस्ताद वायरी निवडत राहिले, वर बघितलं नाही.

तो दुपारी घरी पोचला, पलंगावर टेकला आणि बुटांसकट आडवा झाला. बायकोने बूट काढले, तरी त्याला पत्ता नव्हता. संध्याकाळी आईने घरात सगळ्यांना कुजबुजत बोलायला लावलं. “दगड झालाय नुसता. माझ्यापेक्षा मोठ्याने घोरतोय,” ती कौतुकाने म्हणाली. बायको जेवायला उठवायला गेली, त्याचा सैल पडलेला चेहरा बघून तशीच परत फिरली.

सकाळी साडेसहाला तो उठला तेव्हा कडकडून भूक लागली होती. चार अंडी खाल्ली, आईला म्हणाला, “रात्री तू घोरली नाहीस वाटतं.” आई हसून हसून दमली. रस्त्याने जाताना झाडं, पाट्या, माणसांचे चेहरे, सगळं पुसून लख्ख केल्यासारखं दिसत होतं.

वस्ताद जिन्यापाशी उभे होते. एका हातात पाना, दुसऱ्यात लाल रंगाची डबी नि ब्रश.

“झोपलास?”

“मेल्यासारखा.”

“बघू हात.” बोटं स्थिर होती. “चल. साहेब सोमवारी येतील, आवळलेल्या बोल्टांवर लाल खुणा मारायच्या राहिल्यात. लिफ्टची वीज मी बंद ठेवलीय, जिन्यानेच जाऊ.”

वस्तादांचे गुडघे कुरकुरत होते. प्रत्येक मजल्यावर ते बसायचे आणि बारक्या त्यांची चेष्टा करायचा. नवव्या मजल्यावर त्यांनी कुलूप काढलं. बारक्या आत शिरून कामाला लागला. शीळ घालत एकेका बोल्टवर रेघ ओढत गेला. एक, दोन, चार, सात.

आठव्याला त्याने आधाराला बोट लावलं आणि नट बोटाबरोबर फिरला.

शीळ थांबली. त्याने मान वळवली. वस्तादांनी पाना पुढे केला.

“आधी आवळ.”

बारक्याने आवळला. हात जराही थरथरला नाही. पुरता बसला तशी त्याने सगळी ताकद लावून पुन्हा एकदा ओढून बघितलं, रेघ ओढली, आणि तिथेच जमिनीवर बसून छातीभर श्वास सोडला. एकही लेकरू अजून त्या लिफ्टमध्ये चढलं नव्हतं.

“वस्ताद,” तो म्हणाला, “तुम्ही दुसऱ्याच दिवशी बघितला होता ना?”

वस्ताद दाराच्या चौकटीला टेकून गुडघे चोळत होते.

“या खोलीत,” ते म्हणाले, “मी आज पहिल्यांदाच पाऊल टाकतोय.”